कोणता डोळा लवतोय?

डोळा लवतोय, असं कोणत्याही मराठी घरात नुसतं म्हणून बघा. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: डावा की उजवा? उत्तर दिलंत की समोरचं माणूस मनातल्या मनात एक छोटा हिशेब करतं. बाईचा डावा आणि पुरुषाचा उजवा लवला तर चांगलं, उलट झालं तर काहीतरी वाकडं. हिशेब करणारी मावशी साताऱ्यात असो नाहीतर टोरंटोच्या कॉन्डोत, तिचा शकुनांवर विश्वास असो वा नसो, प्रश्न तोच येतो. हीच तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर त्या मात्र डाव्या-उजव्याची नोंद करून लगेच पुढे सरकतात. किती दिवस झाले? वरची पापणी की खालची? डोळा पूर्ण मिटतो का? गाल किंवा ओठ ओढले जातात का?

एकाच फडफडीला विचारलेले हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक विचारतो, पुढे काय होणार? दुसरा विचारतो, आत काय चाललंय? पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत यायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षं लागली. या प्रवासातला एक मोलाचा तुकडा आमच्या एडमंटनमध्ये घडला, आणि ते इथल्याही फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक असतं. म्हणून हा लेख.

सुरुवात जुन्या प्रश्नापासून करू, कारण तो काही अडाणीपणातून आलेला नव्हता. शरीराचा एखादा भाग आपोआप उडणं म्हणजे अंगस्फुरण. निमित्तशास्त्रात त्याचा पद्धतशीर विचार होता. कोणतं अंग, कोणती बाजू, स्त्री की पुरुष, अशी त्याची मांडणी. जुन्या पंचांगांत पाल अंगावर पडल्याच्या फळांशेजारी अंगस्फुरणाचीही फळं दिलेली सापडतात. वाल्मीकींनी तर याचा असा वापर केलाय की आजच्या पटकथाकाराला हेवा वाटावा. किष्किंधाकांडात राम आणि सुग्रीव अग्नीच्या साक्षीने मैत्री करतात, आणि त्याच क्षणी तीन वेगळ्या ठिकाणी तीन जणांचा डावा डोळा लवतो: सीतेचा, वालीचा आणि रावणाचा. घटना एक, खूण एक, पण सीता स्त्री म्हणून तिच्यासाठी ती शुभ आणि उरलेल्या दोघांसाठी मरणाची. पुढे सुंदरकांडात अशोकवनात जीव द्यायला निघालेल्या सीतेचा डावा डोळा पुन्हा लवतो, आणि हनुमान झाडावरून बोलायला लागायच्या आधीच वाचकाला धीर येतो.

कालिदासाने हेच नियम घेऊन थोडी थट्टाही केली. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत आश्रमात पाऊल टाकतो तेव्हा त्याचा उजवा बाहू स्फुरतो, आणि तो स्वतःच चकित होतो की या शांत तपोवनात या खुणेचं फळ मिळणार तरी कुठून. पाचव्या अंकात थट्टा संपलेली असते. गरोदर शकुंतला राजाच्या दरबाराकडे येते तेव्हा तिचा उजवा डोळा लवतो. गौतमी अमंगळ टळो म्हणते, पण ते टळत नाही. शूद्रकाच्या मृच्छकटिकात न्यायालयाकडे निघालेल्या चारुदत्ताचा डावा डोळा लवतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आलं आणि कालिदासाची ही गोष्ट संस्कृत न येणाऱ्या मराठी प्रेक्षकाच्याही मालकीची झाली. मात्र डोळा लवण्याचा अर्थ सांगायला त्या प्रेक्षकाला नाटकाची गरज नव्हती. तो घरूनच घेऊन आलेला होता.

हे फक्त आपलंच, असंही नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या थिओक्रिटस या ग्रीक कवीच्या एका कवितेत, रुसलेल्या प्रेयसीच्या दाराशी बसलेल्या धनगराचा उजवा डोळा उडतो आणि त्याला वाटतं, आता ती दिसणार. अंग उडण्यावरून भविष्य सांगणारी एक अख्खी ग्रीक पोथी मेलाम्पस या नावावर आहे. तिच्यातही प्रत्येक अवयवाचं फळ वेगळं. चिनी लोकांत डावा डोळा धनाचा आणि उजवा संकटाचा मानतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यात बाई-पुरुष असा भेद नाही. उत्तर चीनमध्ये वाईट डोळा उडायला लागला तर पापणीवर पांढऱ्या कागदाचा कपटा चिकटवतात. चिनी भाषेत 'पांढरं' आणि 'फुकट' यांना एकच शब्द आहे, त्यामुळे मग ते उडणं फुकट जातं. आमच्या प्रयोगशाळेत या गोष्टीवर एकदा दुपारच्या डब्याच्या वेळी तासभर वाद झाला. निष्पन्न असं की मी चीनमध्ये जन्मले असते तर गेल्या हिवाळ्यातल्या डाव्या पापणीने मला श्रीमंत करायला हवं होतं.

मराठीने या सगळ्याचा अर्क शब्दांत जपून ठेवलाय. कविता स्फुरते, बाहू स्फुरतात, लढाईच्या वर्णनांत वीरांना स्फुरण चढतं, धातू एकच. आतून, आपल्या इच्छेविना, काहीतरी उसळतं आणि ते कुठूनतरी आलेलं असतं, ही कल्पना त्या धातूत आहे. 'लवणे' त्याहून घरगुती. भाताची लोंबी लवते, माणूस नमस्काराला लवतो, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काहीतरी घडून जातं. पापणीच्या त्या सूक्ष्म वाकण्याला भाषेत जागा आहे, त्यामुळेच कदाचित तिच्याकडे आपलं इतकं लक्ष जातं. (जर्मन न्यूरॉलॉजिस्ट फ्रीडरिश शुल्ट्झे यांनी १८९५ मध्ये स्नायूंच्या अशाच हलक्या थरथरीसाठी ग्रीक शब्द जोडून 'मायोकिमिया' हे नाव रूढ केलं. त्याचा अर्थ स्नायूची लाट. लवणे आणि लाट, फार लांबचं अंतर नाही.)

तेव्हा जुन्या काळी सगळे फक्त शकुनच बघत होते का? नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग सांगितलेत आणि त्यातले २१ पापण्यांचे आहेत. त्या एकवीसांत 'निमेष' नावाचा एक आहे: पापण्या मिटवणाऱ्या शिरांमध्ये वायू शिरतो आणि पापण्या अति हलवत राहतो. इथे डावा-उजवा नाही, शुभ-अशुभ नाही. कारण शरीराच्या आत शोधलंय. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: सुश्रुत हा निमेष वातामुळे होणाऱ्या असाध्य नेत्ररोगांत टाकतो. सगळ्यांचीच पापणी कधी ना कधी उडते आणि आपोआप थांबते. तिला कोणी असाध्य म्हणणार नाही. म्हणजे त्या वैद्यासमोर बसलेला रुग्ण वेगळा असणार, ज्याच्या पापण्या महिनोन्महिने थांबत नव्हत्या. यावरून 'आपल्याकडे सगळं आधीच माहीत होतं' या नेहमीच्या टाळीच्या वाक्यावर उडी मारू नका. निमेषाला आजच्या एखाद्या रोगाचं नाव चिकटवणं घाईचं होईल. पण नुसती लवणारी पापणी आणि न थांबणारी पापणी यांत फरक आहे, हे त्या वैद्याला दिसलं होतं. हा फरक हरवला की काय होतं, ते पुढे बघू.

आता एडमंटन. परदेशातल्या मराठी घरांत पंचांगाची जागा बऱ्याच अंशी औषधांच्या दुकानातल्या एका फळीने घेतली आहे. डोळा लवतोय म्हटलं की आता दुसरं उत्तर येतं: कॅल्शियम कमी असेल, मॅग्नेशियम घे. हे उत्तर शकुनासारखं हवेतून आलेलं नाही. त्याच्यामागे खरं विज्ञान आहे, आणि त्या विज्ञानाचं एक मोठं पान ज्या विद्यापीठात मी रोज जाते तिथेच लिहिलं गेलं.

मानेत थायरॉइडच्या मागे पॅराथायरॉइड नावाच्या चार इवल्याशा ग्रंथी असतात, प्रत्येक जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. त्यांचं पहिलं वर्णन लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या शवविच्छेदनातून १८५० च्या सुमारास रिचर्ड ओवेन यांनी केलं, हा योगायोग मला फार आवडतो. माणसात त्या स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये दाखवल्या. त्यांचं काम काय हे कळलं ते त्या चुकून कापल्या गेल्यावर. गलगंडाच्या शस्त्रक्रियेत थायरॉइडबरोबर त्या निघून गेल्या की काही दिवसांत रुग्णाचे हात वळायचे, स्नायू आकडायचे, चेहरा उडायचा, कधी स्वरयंत्र आवळून मृत्यू यायचा. याला टेटनी म्हणतात. धनुर्वाताशी नावाचं साम्य आहे, पण रोग वेगळा. व्हिएन्नातले डॉक्टर फ्रान्टिशेक ख्वोस्टेक यांनी १८७६ मध्ये तिची एक साधी खूण नोंदवली: कानापुढे चेहऱ्याच्या नसेवर बोटाने टिचकी मारली की त्या बाजूचा ओठ, नाक, पापणी उडते. चेहऱ्याच्या उडण्यावरून शरीराच्या आतलं वाचण्याचा हा नवा प्रकार. शकुनच म्हणा, पण तपासता येणारा. १९०९ मध्ये बाल्टिमोरच्या मॅककॅलम आणि व्होग्टलिन यांनी दाखवलं की टेटनीत रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं आणि कॅल्शियम टोचलं की झटके थांबतात.

प्रश्न उरला तो ग्रंथीतल्या द्रव्याचा. जेम्स बर्ट्राम कॉलिप १९१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठात शिकवायला आले तेव्हा विद्यापीठ सात वर्षांचं होतं आणि एडमंटन म्हणजे नदीच्या दोन काठांवरचं वाढतं गाव. १९२१ च्या शेवटी रजेवर टोरंटोला असताना ते बँटिंग, बेस्ट आणि मॅक्लाउड यांच्या इन्सुलिनच्या कामात शिरले, आणि जानेवारी १९२२ मध्ये माणसाला सोसेल इतकं शुद्ध इन्सुलिन बनवलं ते त्यांनीच. १९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळालं. मॅक्लाउड यांनी आपल्या वाट्याची निम्मी रक्कम कॉलिप यांना दिली. इन्सुलिनची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ असते. त्यानंतर हा माणूस पुन्हा एडमंटनला आला आणि त्याने काय केलं, ते फारसं कोणी सांगत नाही.

त्यांनी बैलांच्या पॅराथायरॉइड ग्रंथी सौम्य आम्लात उकळून अर्क काढला. ज्या कुत्र्यांच्या ग्रंथी काढून टाकल्या होत्या ते एरवी टेटनीने काही दिवसांत मरायचे. हा अर्क टोचल्यावर त्यांचे झटके थांबले आणि रक्तातलं कॅल्शियम वर आलं. १९२५ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. जास्त अर्क दिला तर कॅल्शियम इतकं चढतं की कुत्रा त्यानेही मरतो, हेही कॉलिप यांच्या गटाने दाखवलं. मिनेसोटातल्या अ‍ॅडॉल्फ हॅन्सन या गावडॉक्टरने असा अर्क थोडा आधी काढला होता, आणि श्रेयाचा वाद झालाच. पण द्रव्य मोजायचं कसं आणि ते कॅल्शियमला कसं बांधलेलं आहे, हे एडमंटनच्या कामातून पक्कं झालं. १९२८ मध्ये कॉलिप मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात गेले.

तर मग तुमच्या लवणाऱ्या पापणीचं कारण कॅल्शियम आहे का? जवळजवळ कधीच नाही. आणि हे कॉलिपच्याच गोष्टीतून कळतं. कॅल्शियम उतरतं ते सगळ्या रक्तात. त्याची लक्षणं बोटांच्या टोकांना, ओठांभोवती मुंग्या, हातापायांत वांब अशी दोन्ही बाजूंना येतात. सगळं शरीर सोडून फक्त डाव्या डोळ्याची खालची पापणी निवडायचं त्याला काही कारण नाही. थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेली असेल आणि मुंग्याही येत असतील तर रक्त जरूर तपासा, तेही लगेच. नाहीतर मॅग्नेशियमच्या बाटलीने पापणी थांबते याला भक्कम पुरावा नाही. ती थांबते, हे खरं. पण बाटली न घेणाऱ्यांचीही थांबते.

आत नेमकं चाललेलं असतं ते असं. डोळ्याभोवती कड्यासारखा एक पातळ स्नायू असतो, ज्याने आपण डोळा मिटतो. चेहऱ्याच्या सातव्या नसेचे बारीक तंतू त्याला हुकूम देतात. एखादा तंतू विनाकारण दोन-तीनदा, चार-पाचदा लागोपाठ उडतो, थांबतो, पुन्हा उडतो. त्याच्या ताब्यातले थोडे स्नायुधागे तेवढे हलतात. असं पोटरीतही होतं, दंडातही होतं. पण पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ, खाली चरबी नाही, त्यामुळे तिथलं एवढंसं हलणंही आपल्याला भूकंपासारखं जाणवतं. आरशात बघितलंत तर जेमतेम दिसतं, समोरच्याला बहुधा दिसतही नाही. शकुनशास्त्राने इतर अंगांपेक्षा डोळ्यालाच एवढा मान का दिला, याचं माझ्या मते हेच साधं उत्तर आहे.

तंतू चिडतो कशाने? अपुरी झोप, ताण, जास्त कॉफी, कोरडे डोळे, स्क्रीनकडे एकटक बघणं. ही यादी वाचून एडमंटनकर हसेल, कारण हे डिसेंबरमधल्या इथल्या दिवसाचं वर्णन आहे. आपण ५३.५ अंश उत्तरेला आहोत. २१ डिसेंबरला उजेड जेमतेम साडेसात तास, जूनमध्ये सतरा, म्हणजे झोपेचं दोन्हीकडून वाटोळं. बाहेर उणे पंचवीस, आत रात्रंदिवस फर्नेसची कोरडी हवा; डोळे रखरखीत होतात, आणि स्क्रीनसमोर आपण पापण्या मिटायच्या विसरतो. वर कॉफी. कॅनडाच्या आरोग्य खात्याने प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली आहे, आणि दुकानातल्या मध्यम कपात त्यातले साधारण निम्मे सहज असतात. दोन कप कॉफी आणि घरी येऊन आल्याचा चहा झाला की मर्यादा ओलांडलीच. तेव्हा उपाय घरचेच आहेत. चारपाच रात्री नीट झोप, दुपारनंतर कॉफी बंद, डोळ्यांवर कोमट ओल्या कापडाचा शेक, औषधांच्या दुकानात मिळणारे कृत्रिम अश्रूंचे थेंब, खोलीत ह्युमिडिफायर. काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत, ती जाते. कंटाळवाणं उत्तर आहे, पण इतिहासाने दिलेलं सर्वांत खात्रीचं उत्तर हेच.

आता त्या दुसऱ्या रुग्णाकडे, जो बहुधा सुश्रुतासमोर बसला होता. त्याची गोष्ट हसण्यासारखी नाही. पॅरिसचे आंरी मेझ यांनी १९१० मध्ये अशा काही रुग्णांचं वर्णन केलं ज्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पापण्या जोरात, वारंवार, आपोआप मिटायच्या. हा रोग बहुतेकदा पन्नाशी-साठीत सुरू होतो आणि बायकांत अधिक. सुरुवात उजेड न सोसण्याने, जास्त मिचकावण्याने होते. पुढे डोळे उघडेच राहत नाहीत. दृष्टी शाबूत, पण रस्ता ओलांडता येत नाही, वाचता येत नाही, गाडी चालवायचा प्रश्नच नाही. याला ब्लेफरोस्पाझम म्हणतात. त्यात एक विचित्र गोष्ट अशी की गाणं म्हटलं, बोललं, भुवईला बोट लावलं, मन दुसरीकडे गेलं की पापण्या कधीकधी थोड्या वेळासाठी उघडतात. डॉक्टरांसमोर तर हमखास उघडतात.

या एका गोष्टीने या बायकांचं फार नुकसान केलं. लक्ष दुसरीकडे गेलं की थांबतं, म्हणजे मनाचं आहे. विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात त्यांना मानसोपचारांकडे पाठवलं गेलं. जग बघायचं नाही म्हणून ही डोळे मिटते, अशी स्पष्टीकरणं देण्यात आली. माझ्या मते हा जुन्या शकुनापेक्षा वाईट शकुन होता. जुना निदान तुमच्या नशिबाबद्दल बोलायचा. हा तुमच्या स्वभावाबद्दल बोलत होता. १९७६ मध्ये लंडनचे डेव्हिड मार्सडेन यांनी अशा ३९ रुग्णांचा अभ्यास मांडून सांगितलं की हा मनाचा आजार नसून मेंदूतल्या हालचालींच्या यंत्रणेचा, डिस्टोनियाच्या कुळातला आजार असावा. त्यांनी त्याला ब्रॉयगेलचं नाव दिलं, कारण त्या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराच्या नावावर असलेल्या एका चित्रात जबडा ताणून डोळे गच्च मिटलेला माणूस आहे. सगळे बघत होते आणि जांभई म्हणून सोडून देत होते. लेखाच्या शीर्षकाच्या शेवटी मार्सडेन यांनी प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. ते नंतर गळून पडलं.

उपचार आला तो विषातून. जर्मन डॉक्टर आणि कवी युस्टिनुस केर्नर यांनी १८२० च्या आसपास खराब सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास केला आणि हे विष थोड्या प्रमाणात अतिचपळ स्नायूंवर औषध ठरेल असं सुचवलं. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावी अंत्यविधीच्या जेवणात हॅम खाल्लेले वादक आजारी पडले, तीन दगावले, आणि एमील व्हान एर्मेंगेम यांना त्यातून तो जंतू सापडला. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी १९७० च्या दशकात त्या विषाचा अतिसूक्ष्म डोस तिरळ्या डोळ्याच्या स्नायूंत टोचून पाहिला, आणि मग पापण्यांत. नसेचा हुकूम स्नायूपर्यंत पोचवणारं रसायन हे विष अडवतं. साधारण तीन महिने पापणी शांत राहते, मग पुन्हा टोचायचं. वर्षानुवर्षं घरात बसलेल्या बायका स्वतःच्या डोळ्यांनी रस्ता ओलांडायला लागल्या.

इथे कॅनडा पुन्हा गोष्टीत येतो. १९८६ मध्ये स्कॉट यांच्या छोट्या कंपनीला उत्पादनाचा विमा मिळेना आणि पुरवठा थांबला. सुमारे चार महिने अमेरिकेतले रुग्ण इंजेक्शनसाठी सीमा ओलांडून कॅनडातल्या नेत्ररुग्णालयांत येत होते. पुढच्याच वर्षी व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरदर्स यांना त्यांच्या ब्लेफरोस्पाझमच्या एका रुग्णाने भुवयांच्या मधेही सुई मागितली, कारण तिथल्या आठ्या जातात हे तिच्या लक्षात आलं होतं. जीन यांचे पती अ‍ॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी १९९२ मध्ये त्यावर लेख लिहिला, आणि बोटॉक्सची सौंदर्यबाजारातली कारकीर्द सुरू झाली. आज मॉलमधल्या क्लिनिकच्या पाटीवर जे नाव दिसतं ते मुळात न थांबणाऱ्या पापणीचं औषध आहे. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मंजुरी मिळाली ती तिरळेपणा आणि ब्लेफरोस्पाझमसाठीच.

तिसरा प्रकारही सांगायला हवा, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे राहायला येणाऱ्या आईबाबांच्या वयात तो दिसतो. फक्त एका बाजूचा चेहरा: आधी खालची पापणी, मग काही महिन्यांत गाल, मग ओठाचा कोपरा, सगळं एकत्र ओढलं जातं, झोपेतसुद्धा. हा हेमिफेशियल स्पाझम. बहुतेकदा कवटीच्या तळाशी एखादी रक्तवाहिनी सातव्या नसेवर घासत असते. मायोकिमिया हे नाव देणाऱ्या शुल्ट्झे यांनीच १८७५ मध्ये असा एक रुग्ण शवविच्छेदनासह नोंदवला होता. त्यात नसेवर रक्तवाहिनीचा फुगा दाबत होता. यावरही तीच इंजेक्शनं चालतात, आणि ती वाहिनी नसेपासून बाजूला करण्याची शस्त्रक्रियाही आहे. हे आईबाबा फोनवर 'डोळा लवतोय' एवढंच सांगतात. डावा असेल आणि सांगणारी आई असेल तर घरातले सगळे शुभ म्हणून खूश होतात, आणि वर्ष निघून जातं.

म्हणून डॉक्टरांचे प्रश्न तुम्हीच फोनवर विचारा. तीन आठवड्यांहून जास्त झाले का? पापणी नुसती थरथरते की पूर्ण मिटते? दोन्ही डोळे का? गाल ओढला जातो का? पापणी खाली आलीय, डोळा लाल आहे, घाण येतेय? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर डॉक्टरांकडे जा. अल्बर्टात आधी कुणाला विचारावं कळत नसेल तर ८११ फिरवा, नर्स फोनवर मार्ग सांगते. चेहऱ्याची एक बाजू एकदम लुळी पडली, हात उचलेना किंवा बोलणं अडखळायला लागलं तर मात्र ८११ नाही, सरळ ९११.

आणि जाण्याआधी एक काम करा. डोळा मिटत असताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, समोरून, चांगल्या उजेडात, पूर्ण चेहरा दिसेल असा. मेझ यांच्या रुग्णांसारखंच तुमच्या आईचंही डॉक्टरांच्या खोलीत शिरल्याबरोबर सगळं शांत होण्याची शक्यता आहे.